येते हं

दिल्लीहून रात्री साडेअकराला सुटणारं विमान. ताईनं मुद्दाम खिडकीची जागा चिऊसाठी घेतली होती, पण चिऊला ती नको होती. तिनं ताईला खिडकीकडे ढकललं, मला कडेच्या सीटवर बसवलं आणि स्वतः मधे बसली. दोन्ही बाजूंना माणूस असलं की तिला बरं वाटतं, हे आम्हाला बारा दिवसांत कळलं होतं. आजवर ती तशीच झोपत आली होती. एक मोठा हॉल, ओळीनं घातलेल्या गाद्या, डावीकडे कुणीतरी, उजवीकडे कुणीतरी.

चिऊ चार वर्षांची. माझ्या ताईची मुलगी. कागदावर तीन महिन्यांपासून, प्रत्यक्षात बारा दिवसांपासून.

चिऊ हे तिचं खरं नाव नाही. संस्था कुठली, गाव कुठलं, ती तिथे कशी आली, यातलं काही मी लिहिणार नाही. ती गोष्ट तिची आहे, मोठी झाल्यावर सांगावीशी वाटली तर ती सांगेल. मी इथे सांगणार आहे ती माझी चूक. ती जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर उंचीवर झाली, एवढंच तिचं वेगळेपण. बाकी अशी चूक आपण सगळे रोज करतो.

ताई आणि भावोजी न्यू जर्सीत राहतात. दोघंही आता तिकडचे नागरिक आहेत. मी त्यांच्यापासून तासाभरावर राहतो, एच-वन-बी व्हिसावर, एका कंपनीचा बॅकएंड सांभाळत. दत्तक घ्यायचं ठरलं तेव्हा ताईनं मला एक एक्सेल शीट बनवायला सांगितली. कागद कोणता, कुणाकडून येणार, कुणाकडे जाणार, स्टेटस काय. पुढची तीन वर्षं ती शीट वाढतच गेली. तिकडच्या समाजसेविकेनं घरी येऊन, फ्रिजपासून बँकखात्यापर्यंत सगळं पाहून लिहिलेला अहवाल. अमेरिकन इमिग्रेशनचे अर्ज. चिऊचा वैद्यकीय अहवाल. 'कारा' या आपल्या केंद्रीय यंत्रणेचं ना-हरकत प्रमाणपत्र. जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश. आईवडिलांच्या जागी ताई-भावोजींची नावं असलेला नवा जन्मदाखला. पासपोर्ट. हेग कराराच्या कलम २३ चं प्रमाणपत्र. शेवटी दिल्लीतल्या वकिलातीत व्हिसा.

एकदा वैतागून मी म्हणालो होतो, "यापेक्षा आमचं प्रॉडक्शन डिप्लॉयमेंट सोपं." ताई हसली नाही. म्हणाली, "मूल देतायत ते. एवढं विचारायलाच हवं."

नंतर मी थोडं वाचलं, तेव्हा तिचं म्हणणं पटलं. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे नावाच्या एका वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं होतं. परदेशात दत्तक देण्याच्या नावाखाली भारतातल्या मुलांचं काय होतं, याबद्दल. लहानग्यांना जिवावर बेतणारा लांबचा प्रवास करावा लागतो, हीसुद्धा त्यांची एक तक्रार होती. न्यायालयानं पत्रालाच याचिका मानलं आणि १९८४ मध्ये नियम घालून दिले. पुढे १९९३ चा हेग करार आला, भारतानं तो २००३ मध्ये मंजूर केला. २०१५ चा बाल न्याय कायदा आला, २०२१ च्या दुरुस्तीनं दत्तक आदेश देण्याचं काम न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं. शीटमधल्या प्रत्येक ओळीमागे कुठल्यातरी मुलाचं झालेलं नुकसान होतं.

शीटमध्ये सगळं होतं. विमानातले सोळा तास तेवढे नव्हते.

*

मी महिनाभराच्या रजेवर पुण्यात आलो होतो, त्यामुळे चिऊला आणायला मीही गेलो. संस्थेतल्या बायकांनी तिला औक्षण केलं, आम्ही पेढे वाटले, फोटो काढले. चिऊ नव्या फ्रॉकमध्ये, हातात पेढा धरून, न खाता उभी होती.

तिच्या मावशी गेटपर्यंत आल्या. चिऊ संस्थेत आली तेव्हापासून त्यांनीच तिला वाढवलं होतं. त्यांची ड्यूटी दिवसाची. संध्याकाळी सातला निघायच्या, सकाळी परत यायच्या. गेटपाशी त्यांनी चिऊच्या फ्रॉकचा पट्टा सोडून पुन्हा बांधला, गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "येते हं, बाळा."

जात होतो आम्ही. मावशी तिथेच राहणार होत्या. पण मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही.

गाडीत चिऊ रडली नाही. पुण्यात आमच्या घरी पाच दिवस राहिली, तेव्हाही नाही. आईनं पोळीचा लाडू करून दिला, तिनं अर्धा खाल्ला आणि अर्धा उशीच्या अभ्र्यात ठेवला. शेजारपाजारचे येऊन बघून गेले. "किती गुणी आहे गं, अजिबात त्रास नाही." दिल्लीला निघताना आईनं तिचा पापा घेतला आणि म्हणाली, "येते हं मी तिकडे, उन्हाळ्यात." व्हिसा हातात पडला त्याच दिवशी नागपूरहून फोन आला, भावोजींच्या वडिलांना दवाखान्यात दाखल केलं होतं. भावोजींना थांबणं भाग होतं. चिऊ त्यांच्या खांद्यावर झोपायला शिकली होती, त्यांना बाबा म्हणू लागली होती. तेही निघताना म्हणाले, "येतो हं."

ताई एकटी पडू नये म्हणून मी माझं मुंबईचं तिकीट बदलून तिच्या विमानाचं घेतलं. असा मी त्या कडेच्या सीटवर पोचलो.

*

विमान उडताना चिऊनं दोन्ही हातांनी आमची एकेक बोटं धरली. रडली नाही. कानात दडे बसले असणार, तरी नाही. पलीकडच्या रांगेत डोंबिवलीच्या एक काकू होत्या, मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या. त्यांनी वाकून पाहिलं.

"कोणावर गेलीय हो? आईवर का?"

"अजून ठरायचंय," ताई म्हणाली.

काकूंनी दहा मिनिटांत सगळं काढून घेतलं. मग ताईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "फार पुण्याचं काम केलंत हो."

ताईला हे वाक्य आवडत नाही. पण काकू मनापासून बोलत होत्या. ताई म्हणाली, "पुण्य वगैरे नाही हो काकू. आम्हाला मूल हवं होतं."

जेवण आलं. मी ट्रेवरचं फॉइल काढून चिऊसमोर ठेवलं. ती हात लावेना. चमचा दिला, घेईना. आवडलं नसेल म्हणून मी बिस्किटं शोधायला लागलो. तेवढ्यात ताईच्या लक्षात आलं. चिऊनं हात जोडले होते आणि ती आमच्या ट्रे उघडायची वाट बघत होती. सगळ्यांना ताट मिळाल्याशिवाय आणि जेवणाआधीचा श्लोक झाल्याशिवाय सुरुवात करायची नाही, हा संस्थेचा नियम. ती पुढच्या रांगेकडे बघत होती, मागे बघत होती. तीनशे माणसं ट्रे घेऊन बसली होती आणि श्लोक कुणीच सुरू करत नव्हतं.

आम्ही दोघांनी हात जोडले आणि म्हटला. मला अर्धाच आठवत होता. पलीकडून काकूंनी पूर्ण केला. मग चिऊ जेवली, आणि ट्रेमधला पाव तिनं फ्रॉकच्या खिशात घातला. ताई म्हणाली, "राहू दे." मुलांनी असं खाणं साठवलं तर ते काढून घ्यायचं नाही, हे तिला पालकांच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं.

दिवे मंदावले. माणसं ओळीनं, एकसारखी पांघरुणं घेऊन झोपली. युनिफॉर्ममधल्या बायका मधून फेऱ्या मारत होत्या. मला वाटलं, हिला हे परकं वाटत नसणार, हे तर तिच्या हॉलसारखंच आहे. ताई तीन रात्री नीट झोपली नव्हती, तिचा डोळा लागला. मी चिऊला थोपटत राहिलो.

ती झोपली नाही. अंधारात डोळे टक्क उघडे.

"मामा, सकाळ कधी होणार?"

"वेळ आहे अजून. झोप तू."

थोड्या वेळानं पुन्हा. "सकाळ झाली?"

मी तिला समोरच्या स्क्रीनवरचा नकाशा दाखवला. छोटं पांढरं विमान, खाली निळं-हिरवं. हिवाळ्यात पश्चिमेकडे जाणारं रात्रीचं विमान. आम्ही रात्रीबरोबरच पुढे सरकत होतो. निघालो तेव्हा अंधार, पहाटे पाचला उतरणार तेव्हाही अंधारच. घड्याळात सोळा तास जातात आणि उजाडत नाही. मला यातलं भूगोलाचं कोडं मजेशीर वाटत होतं. चार वर्षांच्या मुलीला ते कसं समजावून सांगावं, याचाच मी विचार करत होतो. ती सकाळची वाट का बघतेय, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही.

पाचव्या-सहाव्या वेळी तिनं वेगळं विचारलं. "मावशी कधी येणार?"

ताई झोपलेली. आजूबाजूला सगळे झोपलेले. आता ही रडली तर, एवढंच माझ्या मनात आलं. मी म्हणालो, "येतील ना. सकाळी."

तिनं मान हलवली, जणू मी तिला ठाऊक असलेलीच गोष्ट पक्की करून सांगितली. पाच मिनिटांत झोपली. माझ्या दंडावर डोकं ठेवून, तोंड उघडं टाकून. मला वाटलं, जमलं आपल्याला. चक्क एक सिनेमा पाहिला मी.

*

उतरायच्या दोनेक तास आधी केबिनचे दिवे लागले, तो एकदम पिवळा-गुलाबी उजेड. नाश्त्याच्या गाड्या निघाल्या. चिऊ दचकून उठली. इकडेतिकडे पाहिलं, आणि बारा दिवसांत मी पहिल्यांदाच तिला हसताना पाहिलं. संपूर्ण तोंडभर.

"सकाळ झाली!"

ती सीटवर उभी राहिली. पाठीवर हात टेकून मागे बघायला लागली, गाडी ढकलत येणाऱ्या बायकांकडे. एकेक चेहरा बघत होती. फ्रॉक नीट केला. खिशातला पाव काढून हातात धरला.

"काय शोधतेय ही?" ताईनं विचारलं.

मला तेव्हा कळलं. संध्याकाळी "येते हं" आणि सकाळी मावशी हजर, हे तिनं आयुष्यभर पाहिलेलं होतं. गेटपाशी मावशी "येते हं" म्हणाल्या होत्या. त्यानंतर बारा सकाळी झाल्या, तरी तिनं आशा सोडली नव्हती. आणि मग मी, कडेच्या सीटवरून, तिला तेराव्या सकाळची खात्री दिली होती.

मी ताईला सांगितलं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "का रे?" मग तिनं चिऊला मांडीवर घेतलं, आपल्याकडे तोंड करून.

"चिऊ, मावशी नाही येणार."

चिऊ माझ्याकडे बघायला लागली.

"मामाचं चुकलं. मावशी तिकडेच आहे, आपल्या हॉलमध्ये. आपण विमानातून खूप लांब आलोय. मावशीला तू आवडतेस. पण ती इकडे येणार नाही. मी आहे. मी कुठे जाणार नाही."

ती रडली. मी इतकं रडणं जवळून कधी ऐकलं नव्हतं. आधी आवाज नाही, नुसतं तोंड उघडं, मग एकदम फुटलं. ताईला मारलं, पाव फेकला, सीटबेल्ट लावायचा दिवा लागला तरी शांत होईना. पुढच्या रांगेतल्या एकानं हेडफोन काढून वळून पाहिलं. मी तिला घ्यायला हात पुढे केले तर ताईच्या कुशीत आणखी घुसली. माझ्याकडे यायला तिच्याकडे आता काही कारण नव्हतं.

ताईच्या प्रशिक्षणात आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मला नंतर कळली. खूप माणसं बदललेलं मूल रडत नाही, तेव्हा ते शहाणं असतं असं समजू नये. रडून काही उपयोग नाही, हे ते शिकलेलं असू शकतं. बारा दिवस आम्ही ज्याला गुणी म्हणत होतो, ते कदाचित हेच होतं. ताई तिला थोपटत होती आणि स्वतःही रडत होती. "रड, बाळा. रड," म्हणत होती.

पाऊण तास गेला. काकू पलीकडून उठून आल्या, खाली पडलेला पाव उचलून त्यांनी टिशूत गुंडाळला आणि ताईच्या पर्समध्ये घातला. "मागेल नंतर," म्हणाल्या. बाकी काही बोलल्या नाहीत.

*

नुअर्कला उतरल्यावर आमच्या रांगा वेगळ्या झाल्या. ताई आणि चिऊ एकीकडे, मी व्हिसावाल्यांच्या लांबलचक रांगेत दुसरीकडे. अमेरिकेत २००० साली झालेल्या एका कायद्यामुळे चिऊसारखं मूल तिथल्या भूमीवर रीतसर प्रवेश मिळताच आपोआप नागरिक होतं. म्हणजे त्या पहाटे माझी भाची शिक्का बसताक्षणी अमेरिकन होणार होती आणि मामा बोटांचे ठसे देत "इथे काय काम करता?" याचं उत्तर देणार होता. एरवी मी यावर विनोद केला असता.

रांग फुटते तिथे चिऊ थांबली. माझ्याकडे बघत राहिली. माझ्या तोंडावर आपोआप शब्द आला होता. 'येतो हं.' मी तो गिळला. गुडघ्यावर बसलो.

"मी त्या रांगेत जातोय. वेळ लागेल. तिकडे बॅगा येतात, तिथे तू आणि आई थांबा. मी तिथे येणार आहे."

ती काही बोलली नाही.

मला एक तास दहा मिनिटं लागली. तो तास मी ज्या घायकुतीनं काढला, तसा स्वतःच्या व्हिसा मुलाखतीतही काढला नव्हता. बाहेर आलो तर पट्टा थांबलेला, आमच्या बॅगा बाजूला काढून ठेवलेल्या आणि त्यातल्या एकीवर चिऊ बसलेली. ताई म्हणाली, "अर्ध्या तासापूर्वी झालं आमचं. बाहेर जाऊन बसू म्हटलं तर हलायला तयार नाही."

चिऊनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आला," ती ताईला म्हणाली.

आतल्या ऑफिसात अधिकाऱ्यानं कागद तपासले, शिक्का मारला आणि हसून चिऊला 'वेलकम होम' म्हटलं, असं ताईनं नंतर सांगितलं. ताईनं त्याचं भाषांतर केलं नाही. आम्ही बाहेर पडलो तेव्हा सात वाजून गेले होते आणि पार्किंगच्या मागे उजाडत होतं. चिऊनं आकाशाकडे पाहिलं, पण सकाळबद्दल काही विचारलं नाही.

*

दत्तक मुलं घरी आली तो दिवस तिकडे अनेक कुटुंबं दरवर्षी साजरा करतात, केक कापून. त्याला 'गॉचा डे' म्हणतात. ताईच्या ओळखीच्या एका कुटुंबानं तिलाही सुचवलं. पण दत्तक गेलेली आणि आता मोठी झालेली बरीच माणसं या दिवसाबद्दल वेगळं बोलतात. दक्षिण कोरियातून १९५० च्या दशकापासून जवळपास दोन लाख मुलं अशी विमानानं परदेशी गेली. त्यांच्यातले कितीतरी आज सांगतात की आईवडिलांच्या अल्बममध्ये जो आगमनाचा फोटो असतो, तोच त्यांच्या आयुष्यातला सगळं मागे सुटल्याचा फोटो असतो. ताईनं केक नको म्हणून सांगितलं. त्या दिवशी चिऊला जे वाटेल ते वाटू द्यायचं, असं तिनं ठरवलंय.

मी दर शनिवारी त्यांच्याकडे जातो. निघताना म्हणतो, "जातो. पुढच्या शनिवारी येतो." व्हिडिओ कॉलवर आई एकदा हे ऐकून चिडली. "जातो काय म्हणतोस रे, अभद्र. येतो म्हणावं." लहानपणापासून हेच ऐकलंय आपण सगळ्यांनी. 'जातो' म्हणणारा परत येणार नाही अशी भीती, म्हणून उंबऱ्यावरच परत येण्याचं बोलून ठेवायचं. मला हे आपल्या भाषेतलं सगळ्यात प्रेमळ वळण वाटायचं. मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. त्या फक्त मराठी बोलल्या होत्या. खोटं बोललो तो मी.

एका शनिवारी रिलीज असल्यानं मला जमणार नव्हतं. शुक्रवारी फोन करून चिऊला तसं सांगितलं. "बरं," म्हणाली आणि फोन ताईकडे दिला. त्याच्या पुढच्या शनिवारी मात्र मी बेल वाजवायच्या आत दार उघडलं गेलं होतं.

मार्चमध्ये संस्थेतल्या मॅडमनी मावशींशी व्हिडिओ कॉल जमवून दिला. आमची शनिवार सकाळ, त्यांची संध्याकाळ, ड्यूटी संपायची वेळ. ताईला धाकधूक होती, पण चिऊ स्क्रीनला नाक लावून बसली. नवे बूट दाखवले, पडलेला दात दाखवला, बर्फाला हात लावल्यावर काय होतं ते सांगितलं. मावशी पदरानं डोळे पुसत हसत होत्या. पंधरा मिनिटांनी मागून कुणीतरी हाक मारली. मावशी उठल्या आणि सवयीनं म्हणाल्या, "येते हं, बाळा."

मी आणि ताई दोघंही गप्प झालो.

चिऊनं माझ्याकडे पाहिलं. "मावशी नाही येणार ना, मामा?"

"नाही."

"मग अशी का म्हणते?"

मी म्हणालो, "आपल्याकडे निघताना तसं म्हणतात."

तिनं थोडा विचार केला. स्क्रीनवर मावशी अजून हात हलवत थांबल्या होत्या.

"येते हं, मावशी," चिऊ म्हणाली, आणि लाल बटण स्वतः दाबलं.